आतले फोटो काढणारे भाऊ

भाऊ सायकलवरून दवाखान्यात यायचे ते डोळ्यांवर लालभडक काचांचा गॉगल चढवून. भंडाऱ्याच्या भर बाजारातून, सकाळी साडेआठला. नवखा माणूस थबकून पाहायचा, की हा सिनेमातला कोण आपल्या गावात उतरला! पण तो गॉगल शौकाचा नव्हता. त्या काळी काही तपासण्या अंधाऱ्या खोलीत, अंधुक हिरवट पडद्यावर बघून व्हायच्या. उजेडातून एकदम अंधारात गेलं की काही दिसत नाही, म्हणून आधी वीस मिनिटं लाल काचा लावून डोळ्यांना सवय करायची. आमचे मोठे डॉक्टर ती वीस मिनिटं खुर्चीत बसून चहा पीत काढायचे. भाऊंना वीस मिनिटं नुसतं बसणं पटायचं नाही. ते घरून निघतानाच गॉगल चढवायचे.

लाल काचेतून लाल रंग पांढरा दिसतो. हे शास्त्र मला भाऊंच्या जिभेनं शिकवलं. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात आम्ही दुपारी डबे उघडून बसलो होतो. भाऊंचा गॉगल डोळ्यांवरच होता. माझ्या डब्यात लाल मिरचीचा ठेचा होता.

"वा वा, खोबऱ्याची चटणी!" म्हणत त्यांनी लिंबाएवढा गोळा उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी उघडलं. पुढची पंधरा मिनिटं भाऊ फिल्म धुवायच्या नळाखाली होते. बाहेर आले ते डोळे पुसत, पण आब राखून.

"बाई, तुमच्या मायले सांगा, खोबरं जरा जुनं हाय."

मी मोहाडीची. मॅट्रिक झालेली, अक्षर बरं, तेवढ्यावर या दवाखान्याच्या एक्सरे खात्यात नोंदी लिहायला लागले होते. सत्तरीचं दशक निम्म्यावर आलं होतं आणि मी बाविशीत. खातं म्हणजे एक यंत्र, एक डार्करूम, एक कपाट, भाऊ आणि मी. भाऊ पन्नाशीचे, बुटके, अंगानं काडी. पण आपल्या दाराशी उभे राहिले की किल्लेदार वाटायचे. त्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: "येथे आतले फोटो निघतात. आतली गोष्ट विचारू नये."

फिल्म डार्करूममधून डॉक्टरांच्या खोलीत न्यायची तर व्हरांडा ओलांडावा लागे, आणि व्हरांड्यात माणसं बसलेली. भाऊ ओली फिल्म टॉवेलखाली झाकून, छातीपासून दूर धरून, पाय न वाजवता न्यायचे. बाळंतिणीच्या खोलीतून लेकरू बाहेर काढतात तसं.

"भाऊ, पोरगा झाला का पोरगी?" कोणीतरी हमखास ओरडायचं.

"सांगत नाही," भाऊ म्हणायचे आणि पुढे व्हायचे.

मी एकदा हसले तर थांबून म्हणाले, "बाई, कोणाच्या घरात खिडकीतून डोकावलं तं लोक जोड्यानं मारते. आपण तं लोकाच्या कातडीतून डोकावून राहिलो. मंग आपण किती संभाळून राहावं?"

हे ते नुसतं बोलत नव्हते. त्यांच्या वडिलांचा खांदा निखळला तेव्हा फोटो भाऊंनीच काढला. फिल्म धुऊन झाली, पण भाऊ तिच्याकडे पाठ करून बाहेर आले आणि बाकावर कण्हणाऱ्या म्हाताऱ्याला विचारते झाले, "बाबा, पाहू का?"

"अबे, काढला तूच, धुतला तूच! मंग पाहाले का तहसीलदार येते?"

"तरी. तुमी हो म्हणा."

"पाह्य बाप्पा, पाह्य! मेल्यावर पाह्यतं का?"

तेव्हा कुठं भाऊंनी फिल्म उजेडाला धरली.

कोर्टाचा किस्सा तर अख्ख्या भंडाऱ्यानं ऐकला होता. दोन शेजाऱ्यांची शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मारामारी झाली, एकाचा हात मोडला, आणि भाऊंना फिल्म आणि रजिस्टर घेऊन हजर राहायचं बोलावणं आलं. फिल्म टॉवेलखाली होतीच. रजिस्टर उघडलं तर त्या पानावरची एक ओळ सोडून बाकी सगळ्या नावांवर भाऊंनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावलेल्या. न्यायाधीशांनी कुतूहलानं एका पट्टीचं टोक उचललं.

"साहेब," भाऊ हात जोडून म्हणाले, "त्या बाईचा या खटल्याशी काही संबंध नाही."

न्यायाधीशांनी पट्टी खाली ठेवली. वर बोटानं नीट दाबली देखील. मग म्हणाले, "फिल्म दाखवा." भाऊ वळले, हात गळ्यात बांधून उभ्या असलेल्या फिर्यादीला विचारलं, "दाखवू का?"

आणि तो बिचारा घाईघाईत बोलून गेला, "दाखवा न भाऊ! त्याच्यासाठीच तं हात मोडून घेतला!"

समोरचा वकील जागेवरून असा उडाला की त्याचा काळा कोट खुर्चीला अडकून टरकन फाटला. पुढचा अर्धा तास कोर्ट हसत होतं. खटला त्या फिर्यादीनं जिंकला शेवटी, कारण मोडलेलं हाड हसण्यावारी जात नाही. पण त्याचं गावातलं नाव कायमचं "मोडून घेतला" पडलं.

एकोणीसशे ऐंशीनंतर भाऊ निवृत्त झाले, तरी त्यांचा पाय दवाखान्यातून निघेना. जुन्या फिल्मांमध्ये चांदीचा अंश असतो, म्हणून मुदत संपलेल्या फिल्मा घ्यायला नागपूरचा एक व्यापारी आला. भाऊंना कळलं. दुसऱ्या दिवशी ते कात्री घेऊन हजर. दोन महिने रोज व्हरांड्यात बसून त्यांनी प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यातलं पांढऱ्या शाईचं नाव कापून काढलं, आणि भाजीवर टाकायला सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चिरावा तसे त्या नावांचे बारीक बारीक तुकडे केले. व्यापारी म्हणाला, "काका, मी फिल्म वितळवणार आहे, वाचणार नाही." भाऊ म्हणाले, "वितळवाले कोपरा कमी पडला तं माफ करा."

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायला मला अजून संकोच वाटतो, कारण तिच्यात चोर मी आहे.

नोकरीला वर्ष झालं असेल. मोहाडीच्या शाळेतल्या एक बाई फोटो काढायला आल्या. चोवीस-पंचवीसच्या, उंच, पांढऱ्या सुती साडीतल्या. नोकरी कायम व्हायची होती, त्यासाठी तब्येतीचं सर्टिफिकेट हवं होतं. मी नोंद केली, भाऊंनी फोटो काढला, बाई गेल्या. रविवारी मी घरी गेले तेव्हा मावशी सुपात तांदूळ निवडत होती, आणि मला काहीतरी मोठं बोलून दाखवायची हौस आली.

"आमच्याकडे कोण कोण येते माहीत आहे? तुमच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या परवा. छातीचा फोटो काढाले."

एवढंच. याहून एक अक्षर जास्त नाही.

मावशीनं विहिरीवर सांगितलं तेव्हा बाईंना खोकला लागला. पिठाच्या गिरणीपर्यंत जाता जाता एक फुप्फुस गेलं. आठवडी बाजारात दुसरंही गेलं. आणि बातमी सानगडीला पोचली, जिथं बाईंचं लग्न ठरलं होतं, तेव्हा बाई कशाच्या जोरावर पोरांकडून पाढे म्हणवून घेत होत्या हे कोणालाच सांगता आलं नसतं.

पंधरा दिवसांत मुलाकडची माणसं आमच्या दारात उभी राहिली. मुलाची आई आणि मुलाचा काका. काकांचा आवाज असा, की ते बोलले की आमच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणायच्या.

"मोहाडीच्या मास्तरीण बाईचा फोटो हाय म्हणते तुमच्यापाशी. दाखवा."

"कोणत्या बाईचा?"

"अजी, जिनं काढला तिचा!"

"काढला असंल तरी सांगत नाही," भाऊ शांतपणे म्हणाले, "नसंल काढला तरी सांगत नाही."

"आमी का परके हाओ? आमच्या घरी सून म्हणून येऊन राहिली न ते!"

"येऊ द्या. आली का तिलेच विचारा."

मग आई पुढे झाली. बिचारी गयावया करत होती. "भाऊ, आमाले त्यातलं काही समजत नाही. निर्मळ असंल तं आत्ता तारीख धरतो. तोंडानं नोका सांगू. नुसती मुंडी हालवा."

भाऊंनी मान ताठ केली. अशी ताठ, की खांबाला लाज वाटावी. नेमकी त्याच वेळी एक माशी आली आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. इकडून तिकडं फिरली. भाऊंच्या मिशा थरथरल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पण मान तसूभर हलली नाही, कारण हलली तर ते उत्तर झालं असतं. काका, आई आणि मी, तिघंही श्वास विसरून त्या माशीकडं पाहत होतो. शेवटी माशीच कंटाळली.

"असा माणूस पाह्यला नाही," काका म्हणाले, आणि दोघं निघून गेली.

मी भाऊंवर उसळले. "एक शब्द बोलला असता तर त्या बाईचं लग्न वाचलं असतं! चांगलं असेल तर चांगलं म्हणायला काय जातं?"

"बाई, समजा आज मी निर्मळ हाय म्हणून सांगितलं. उद्या दुसरी पोरगी आली, तिच्या छातीत डाग हाय, आणि मी म्हटलं 'सांगत नाही'. मंग ऐकणारा काय समजंल?"

मी हातातलं रजिस्टर मिटून ठेवलं.

"म्हणून चांगल्याचंही नाही सांगाचं, वाईटाचंही नाही. चांगल्याचं झाकलं तरच वाईटाचं झाकलं राह्यते." मग त्यांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. "पण मले एक समजून नाही राहिलं. ते इथं आली होती, हेच सानगडीले कसं गेलं? रजिस्टर तं तुमी पाह्यता आणि मी पाह्यतो."

त्यांनी गॉगल काढला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांचे डोळे इतक्या जवळून पाहिले. लहान, थकलेले, कडेला सुरकुत्या. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. मावशी, सूप, तांदूळ, सगळं.

भाऊंनी ऐकून घेतलं. मग सायकल भिंतीला टेकवून कुलूप लावलं आणि म्हणाले, "चला. मोहाडीची एस.टी. साडेअकराची हाय."

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा बाई चौथीच्या वर्गात हातात पट्टी घेऊन उभ्या होत्या. मी दारातच, चाळीस पोरांसमोर, सांगून टाकलं. बाईंच्या चेहऱ्यावर एक रंग आला, एक गेला.

"तुम्ही नक्की काय सांगितलंत?"

"फक्त आल्या होत्या एवढंच."

"तेवढंच पुरलं," बाई म्हणाल्या. मग एकच शब्द बोलल्या, "हात."

मी तेवीस वर्षांची सरकारदरबारी सज्ञान बाई, मी हात पुढे केला. पट्टी टपकन बसली. लागली नाही, पण चौथीचा वर्ग आनंदानं वेडा झाला. आणि मग माझ्या शेजारी आणखी एक हात पुढे आला. काळ्या पडलेल्या नखांचा, फिल्म धुवायच्या औषधाचा वास येणारा.

"मले पण एक," भाऊ म्हणाले. "खातं माझं हाय."

बाईंना हसू आवरेना. पट्टी टेबलावर टाकून त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. "आता मी काय करू ते सांगा," म्हणाल्या.

"तुमी काय करावं ते आमी कोण सांगणार? पण फोटो तुमचा हाय. अर्ज लिहून मागा, तुमच्या हातात देतो. मंग दाखवा नाहीतर चुलीत घाला."

बाईंनी तिथल्या तिथं वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. आणि त्याच टाकानं सानगडीला दोन ओळी: येत्या शनिवारी दवाखान्यात या, मुलालाही आणा, फोटो दाखवते.

शनिवारी सगळे आले. काका, आई, आणि त्यांच्यामागे मुलगा. तो राइस मिलमध्ये फिटर होता. रुंद खांदे, खाली मान, तोंडातून शब्द नाही. अधूनमधून नुसता खोकायचा. भाऊंनी बाईंची सही घेतली, पाकीट त्यांच्या हातात दिलं. काकांनी हात लांब केला. बाईंनी पाकीट पाठीमागे घेतलं.

"दाखवते. पण आधी यांचा काढा."

"आमच्या पोराले काय झालं?" बाटल्या किणकिणल्या.

"मग मला काय झालं होतं?"

काका सानगडीची सगळी अब्रू गोळा करून उत्तर शोधत होते. तेवढ्यात त्या मुक्या मुलानं सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली.

"काढा," तो म्हणाला. मी ऐकलेला त्याचा पहिला शब्द.

"तसा नाही निघत," भाऊ आडवे आले. "हे किरण हौसेनं अंगावर घ्याचे नसते. डॉक्टरची चिठ्ठी लागते."

"खोकला आहे यांना," बाई म्हणाल्या. "आल्यापासून मोजते आहे मी. सोळा वेळा खोकले."

"ते मिलचा कोंडा जाते न नाकात," आई पुटपुटली, पण तिचा आवाज लहान झाला होता. कधीपासून खोकला आहे, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, महिना झाला.

मग जे झालं ते मी विसरणार नाही. तो रुंद खांद्यांचा गडी उघड्या अंगानं, सदरा हातात घेऊन, व्हरांड्यातल्या पेशंटांच्या रांगेतून धावत डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी हसत हसत नळी लावली आणि ऐकता ऐकता हसायचे थांबले. दोनदा ऐकलं. चिठ्ठी लिहून दिली. तो तसाच धावत परत आला. फोटो निघाला, धुतला, पंख्यासमोर क्लिपला टांगला. तो वाळेपर्यंत काका व्हरांड्यात येरझारा घालत होते आणि एकदाही मोठ्यानं बोलले नाहीत.

भाऊंनी दुसरं पाकीट मुलाच्या हातात दिलं. "तुमचा हाय. कोणाले दाखवाचा ते तुमी ठरवा."

त्यानं पाकीट तसंच बाईंपुढे धरलं. बाईंनी आपलं त्याच्यापुढे. दोघं अंगणातल्या कडुनिंबाखाली गेली आणि एकमेकांच्या फिल्मा उन्हाला धरून पाहू लागली. काका लगबगीनं मागे निघाले तर भाऊंनी दोन्ही हातांनी टॉवेल पसरला आणि आडवे उभे राहिले. काका डावीकडे, टॉवेल डावीकडे. काका उजवीकडे, टॉवेल उजवीकडे.

"भाऊ," मी कुजबुजले, "बाईंनी फिल्म उलटी धरली आहे."

"धरू द्या. त्यायनं दिली, तिनं घेतली. आता उलटी पाह्यते का सुलटी, तिची मर्जी."

शेवटी डॉक्टर स्वतः झाडाखाली गेले, दोन्ही फिल्मा सुलट केल्या आणि हळू आवाजात दोघांना काय सांगायचं ते सांगितलं. काय सांगितलं? नोंद माझ्या हातची आहे, मला ठाऊक आहे. ती तुम्हालाही सांगणार नाही.

पाव तासानं दोघं परत आली. काकांना धीर धरवेना. "काय निघालं?"

"लग्न निघालं," बाई म्हणाल्या.

आणि ते झालं. मोहाडीलाच, मांडव घालून, भर दुपारी. मला आणि भाऊंना पत्रिका आली होती. आम्ही एस.टी.तून उतरून मांडवात शिरलो तर दारावरच्या एका पाहुण्यानं भाऊंना अडवलं.

"तुमी कोणाकडून? पोराकडून का पोरीकडून?"

भाऊ गोंधळले. ओळख सांगायची तर ती कुठं झाली ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की नवरा-नवरी दोघंही दवाखान्यात आली होती हे जाहीर. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"जेवणाकडून," ते म्हणाले.

पाहुण्याच्या भुवया चढल्या. तो भाऊंचा दंड धरणार, तेवढ्यात आतून काकांचा बाटल्या किणकिणवणारा आवाज आला. "अजी, येऊ द्या त्यायले! आपले फोटोवाले भाऊ हायेत ते!"

भाऊ पांढरेफटक पडले. पण पाहुण्याचा चेहरा एकदम खुलला. "फोटोवाले? अजी मंग लवकर सांगा न! तुमसरचा फोटोवाला अजून आलाच नाही!" आणि कोणाला काही कळायच्या आत मुलाच्या मित्राचा एक कॅमेरा भाऊंच्या गळ्यात पडला आणि भाऊ मांडवाच्या मधोमध उभे केले गेले.

बुद्धवंदना झाली होती, हार घालून झाले होते. समोर पांढऱ्या साडीतल्या बाई आणि नवा सदरा घातलेला तो. मागे दोन्हीकडचे वऱ्हाडी दाटीवाटीनं, काका बरोब्बर मध्यभागी. मला वाटलं भाऊ आता सांगून टाकतील, की मी तो नव्हे. पण सांगायचं तर मग कोण, हेही सांगावं लागलं असतं. भाऊंनी कॅमेरा उलटा धरला, सुलटा केला, डोळ्याला लावला. छातीचा फोटो काढताना ते रोज पन्नास वेळा जे म्हणत, तेच त्यांच्या तोंडून खणखणीत निघालं:

"श्वास घ्या! रोखा! हलू नोका!"

लग्नाच्या फोटोला असंच करतात असं समजून अख्ख्या वऱ्हाडानं श्वास रोखला. म्हातारे, बाया, पोरं, सगळे. नवरा-नवरीनं आधी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोघांच्या हसण्याचा बांध फुटला. भाऊ खटका शोधत होते. तो सापडून दाबला जाईपर्यंत श्वास सोडा म्हणायचं ते साफ विसरून गेले.

तो फोटो मी पुढे बाईंच्या घरी भिंतीवर पाहिला. मागे साठ-सत्तर माणसं गाल फुगवून, डोळे वटारून उभी आहेत, काकांच्या गळ्यावरची शीर तटतटली आहे. आणि पुढे ती दोघं, हार वाकडे झालेले, तोंडभर हसताहेत. त्या मांडवात त्या क्षणी श्वास घेत होती ती तेवढी दोघंच.